तिसरी लादी, अकरावी ओळ

युद्धस्मारकाच्या भिंतीवर कुठलं नाव कुठे आहे, हे प्रेमलाबाईंइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. त्यातलं एकही नाव त्यांना वाचता येत नव्हतं, ही गोष्ट वेगळी. नावं सगळी इंग्रजीत, काळ्या ग्रॅनाइटवर कोरून पांढऱ्या रंगानं भरलेली. आणि प्रेमलाबाईंचं शिक्षण मराठी तिसरी, तेही अर्धवट. पण बावीस वर्षं रोज सकाळी ओलं फडकं फिरवलं की माणसाला भिंत पाठ होते. बाहेरगावाहून कुणी येई, चुरगळलेला कागद पुढे करी, आणि ऑफिसातला बाबू यादी शोधायला पाऊण तास घेई. त्या बाबूनं एखाद्या घरच्यांना एकदा नाव दाखवलं की पुढच्या वेळेपासून ते काम प्रेमलाबाईंकडे. "सांगलीचे ना तुम्ही? या. पाचवी लादी, खालून चौथी ओळ." आणि खालून चौथ्या ओळीवर ते नाव असेच.

या मोजण्याचा त्यांना फार अभिमान होता. तोच पुढे नडला.

राहायला पुण्यात ताडीवाला रोडला. सकाळी साडेसहाला घरून निघायचं आणि छावणीच्या हद्दीतल्या स्मारकापर्यंत चालत यायचं. पूर्वी हा रस्ता पस्तीस मिनिटांचा होता. आता गुडघे तास घेतात, आणि रस्ता तोच आहे. वय एकसष्ट. घरी लेक, जावई आणि नात दीक्षा. घरातल्या भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर आहे आणि तिच्यासमोरून जाताना प्रेमलाबाईंना रोज थोडं ओशाळल्यासारखं होतं, कारण त्या घरात सगळ्यांत कमी शिकलेल्या त्याच. नात इंजिनिअरिंगला आहे हे त्या बसस्टॉपवर अनोळखी बायकांनाही सांगतात.

स्मारक बांधलं जात होतं तेव्हाही त्या तिथेच होत्या, डोक्यावर घमेलं घेऊन. लोकांनी वर्गणी काढून हे उभं केलं, शाळेतल्या पोरांनी खाऊचे पैसे दिले, असं दरवर्षी भाषणांत सांगतात. खरंच आहे ते. घमेली कुणी वाहिली हे भाषणांत येत नाही, आणि यावं असं प्रेमलाबाईंना कधी वाटलंही नाही. नवरा, बाळ नाव त्याचं, गवंडी होता. त्यानं या भिंतीमागचं वीटकाम केलं, पुढे खराडीला एका टॉवरच्या सातव्या मजल्यावरून पडून गेला. त्या टॉवरवर बिल्डरचं नाव चार फुटी अक्षरांत आहे. त्यामुळे दगडावर नाव असण्याबद्दल प्रेमलाबाईंचं स्वतःचं एक मत होतं. ज्यांची आहेत, त्यांची तरी नीट पुसावीत.

पुसायचं काम वाटतं तितकं सोपं नाही. येणारे लोक आधी रणगाड्यापाशी फोटो काढतात, मग भिंतीकडे वळतात, आणि भिंतीपाशी आले की हात पुढे जातो. बोटांचे ठसे, हारांतून गळलेलं पाणी, उदबत्तीची राख. त्यात हळदकुंकू सगळ्यांत वाईट. कोरलेल्या अक्षरांत जाऊन बसतं आणि पांढरा रंग पिवळा करून टाकतं. ते काढायला प्रेमलाबाईंनी जुना दातांचा ब्रश ठेवला होता. त्या स्वतः हळदकुंकू मानत नाहीत. त्यांच्या वडिलांनी छप्पन सालानंतर घरातले देव उचलले ते उचललेच. तरी लोकांवर त्या कधी खेकसल्या नाहीत. लावू द्यायचं, गेले की ब्रश घ्यायचा, असा त्यांचा हिशेब होता.

या सगळ्या येणाऱ्याजाणाऱ्यांत त्यांचं खरं माणूस एकच, लोणी काळभोरच्या विजयमालाबाई. नवरा धोंडिबा एकाहत्तरच्या लढाईत गेला तेव्हा विजयमालाबाई वीस वर्षांच्या होत्या आणि पदरात सहा महिन्यांचं पोर. गावात आधी तार आली. मग महिन्यांनी एक पत्र्याची पेटी आली. पेटीत दोन शर्ट, दाढीचं सामान आणि अर्धी वापरलेली साबणाची वडी. राखही आली नाही. पहिल्यांदा स्मारकावर आल्या त्या दिराबरोबर. दिरानं नाव वाचून त्यांचं बोट त्यावर ठेवलं, आणि बाजूला उभ्या असलेल्या प्रेमलाबाईंनी मनात नोंद केली. डावीकडून तिसरी लादी, वरून अकरावी ओळ. पुढे दीर गेला. मग दर सोळा डिसेंबरला, विजय दिवसाला, विजयमालाबाई एकट्या बसनं पूलगेटला उतरत. सही म्हणजे अंगठा, आणि डोळ्यांत मोतीबिंदू. प्रेमलाबाई हाताला धरून त्यांना लादीपाशी नेत, बोट नावावर टेकवत, आणि जरा मागे सरकून उभ्या राहत.

"तुम्ही कुंकू लावता ते कसं चालतं हो?" प्रेमलाबाईंनी एकदा विचारलं होतं.

"माझ्या कपाळाला चालत न्हाई," विजयमालाबाई म्हणाल्या होत्या. "त्येच्या नावाला कोन अडवतंय? गावात वीरगळाला लावत्यातच की सगळी. ह्यो माझा वीरगळ."

लावून झालं की दोघी कडेच्या कडुनिंबाखाली बसून विजयमालाबाईंनी आणलेली भाकरी आणि ठेचा खायच्या. बोलणं फारसं व्हायचं नाही. गुडघे, सुना, बसची गर्दी. वर्षाकाठी एक दुपार. पण वर्षभर कुणी विचारत नसलं की अशी एक दुपार पुष्कळ पुरते.

करोनात स्मारक बंद झालं. त्या काळात भिंतीला आलेली ओल काढायला लाद्या उतरवून, अक्षरांत नवा पांढरा रंग भरून पुन्हा बसवल्या, आणि अगदी डावीकडे माहितीची एक नवीन लादी लावली, बाकीच्यांसारखीच काळी, तशीच पांढऱ्या अक्षरांची. स्मारक उघडलं तेव्हा प्रेमलाबाई फडकं घेऊन हजर झाल्या. भिंत होती तशीच दिसली. काळ्या लाद्या, पांढरी अक्षरं. त्यांनी पहिल्यासारखंच मोजलं. बाहेरगावचे लोक आता नाव फोनवर शोधूनच येत; मोजून दाखवायला उरल्या त्या एकट्या विजयमालाबाई.

यंदा डिसेंबरात सफाईच्या ठेक्याचा सुपरवायझर चेतन यानं भिंतीपुढे साखळी बांधून घेतली. "मावशी, या वर्षी भिंतीला कुणाचा हात लागता कामा नये. डाग दिसला तर मला ऐकून घ्यावं लागतं. मग तुम्हालाही लागेल."

"मला सवय आहे," प्रेमलाबाई म्हणाल्या. "तुम्हीही सवय करून घ्या."

बारा तारखेला त्यांचे गुडघे फारच धरले, म्हणून दीक्षा कॉलेजातून सुटून स्कूटी घेऊन त्यांना न्यायला आली. शेवटची बादली ओतेपर्यंत पोरगी भिंतीसमोर उभी राहून नावं वाचत होती. प्रेमलाबाईंना वाटलं, एवढी वर्षं झाली, आपल्या ओळखीचं एक नाव एकदा कानांनी ऐकावं.

"ते तिसऱ्या लादीवरचं अकरावं वाच ना गं. लोणीच्या बाईंच्या मालकांचं."

दीक्षानं मोजलं. "शिपाई मुरुगेसन."

"नीट वाच. धोंडिबा असेल."

"आजी, क्लिअर लिहिलंय. एम यू आर यू. मुरुगेसन. साऊथचे असणार." दीक्षा एक पाऊल उजवीकडे सरकली. "धोंडिबा इथे आहे बघ. चौथ्या लादीवर. अकरावंच." मग तिनं पहिल्या लादीकडे पाहिलं. "ही पहिली तर नावांची नाहीच आहे. ही इन्फर्मेशनची आहे, स्मारक कधी बांधलं वगैरे. ही नंतर लावलीय का?"

प्रेमलाबाई जवळ गेल्या आणि चौथ्या लादीच्या अकराव्या ओळीतली अक्षरं पाहू लागल्या. पांढरीशुभ्र. खाचेत कणभर पिवळं नाही. मग तिसरीवरची पाहिली. त्यांनी ब्रशनं घासघासूनही न निघालेली हळद तिथे रेघेरेघेत अजून दिसत होती. चार वर्षं. चार वर्षं त्या एका विधवेचा हात धरून तिला दुसऱ्याच माणसाच्या दारात उभी करत आल्या होत्या.

घरी आल्यावर दीक्षा म्हणाली, "अगं, सोड ना. त्यांना दिसत नाही, तुला वाचता येत नाही. कोणाची चूक आहे यात?"

हे तिनं समजूत घालायला म्हटलं, पण तेच प्रेमलाबाईंना सगळ्यांत लागलं. वाचता येत नाही हे खरं होतं. पण येत नाही हे त्यांनी कधी कुणाला सांगितलं नव्हतं, हेही खरं होतं. विजयमालाबाईंना वाटत होतं, ही शहरातली बाई आहे, हिला येतं. बाहेरगावची माणसं नाव विचारायला यायची तेव्हा प्रेमलाबाई अशा ऐटीत बोट टेकवायच्या की कुणाला शंका येऊ नये. ती ऐट आता त्यांना नकोशी झाली. आंबेडकर जयंतीला वस्तीत पोरांना वह्या वाटताना त्या पुढे असायच्या, आणि एवढ्या वर्षांत एबीसीडीची वही स्वतःसाठी उघडायला त्यांना फुरसत झाली नव्हती.

चौदा तारखेला विजयमालाबाईंचा फोन आला. "येती बरं का सोळाला. ह्याच्यापुढचं काय खरं न्हाई. पोरगा म्हनतो, ह्ये शेवटचं, आता न्यायचं न्हाई. तवा जरा निवांत लावून घेईन म्हनते."

"या," प्रेमलाबाई म्हणाल्या.

फोन ठेवल्यावर त्यांनी ठरवलं. सांगायचं नाही. गुपचूप चौथ्या लादीपाशी न्यायचं. बोट बरोबर नावावर टेकवायचं. शेवटच्या खेपेला हळद योग्य माणसाला लागली की झालं. चार वर्षांचं ओझं आपण वाहू, तसंही एवढं वाहतोच आहोत, त्यात हे एक. हे ठरवल्यावर त्यांना हलकं वाटायला हवं होतं. पण तसं काही झालं नाही, नुसता थकवा वाढला.

सोळा तारखेला सकाळी बँड वाजला, पुष्पचक्रं आली, भाषणं झाली. दीडपर्यंत खुर्च्या गोळा झाल्या आणि पाहुणे चहाला मांडवात गेले. विजयमालाबाई दोनला आल्या. गेल्या वर्षापेक्षा निम्म्या झालेल्या. हातात नेहमीची कापडी पिशवी, एका कप्प्यात भाकरी, दुसऱ्यात हळदकुंकवाची पुडी. प्रेमलाबाईंनी साखळीचा आकडा काढला, त्यांना आत घेतलं आणि हात धरून चालू लागल्या. पाय सवयीनं तिसरीपाशी थांबले. त्यांनी ते ओढून चौथीपाशी नेले.

"इथं," त्या म्हणाल्या, आणि बोट अकराव्या ओळीवर टेकवलं.

विजयमालाबाईंनी पुडी उघडली. चिमूटभर हळद, मग कुंकू. अक्षरांवरून सावकाश बोट फिरवलं. मग, जसं दारात उभ्या असलेल्या माणसाशी बोलावं, तसं त्या नावाशी बोलू लागल्या.

"आले बघा. आता न्हाई व्हायचं यायला. पर एक साल चुकवलं न्हाई, तो करोनाचा आजार सोडला तर. दरसाली तुमच्यापाशी आले का न्हाई? तुमी म्हनाल, विसरली. इसरले न्हाई."

एवढं ऐकलं आणि प्रेमलाबाईंचा सगळा बेत ढासळला. लबाडी आपली होती तोवर ठीक होतं. पण आता ती या बाईच्या तोंडून, तिच्या नवऱ्यापुढे वदवून घेतली जात होती, आणि तिला त्याचा पत्ताही नव्हता.

"विजयमालाबाई," त्या म्हणाल्या, "माझं ऐका. चार वर्षं तुम्ही यांच्याकडे नाही आलात. मी आणलंच नाही तुम्हाला इथे. लाद्या हलल्या, एक वाढली. मी मोजून न्यायचे. मला वाचता येत नाही. मी तुम्हाला शेजारच्या लादीवर नेत होते. दुसऱ्याच कुणाच्या नावाला."

विजयमालाबाईंचा हात दगडावरच होता. मांडवातून कपबशांचा आवाज येत होता.

"म्हंजे चार वर्सं ह्यो कोरडा?" त्यांनी विचारलं.

"हो."

"आन् तू संगं हुतीस."

"हो."

"वाचता येत न्हाई तर सांगायचं हुतं. मला बी येत न्हाई. मी काय हसले असते?"

विजयमालाबाईंनी हात सोडवून घेतला आणि एकट्याच भिंतीला धरून कडुनिंबाकडे निघाल्या. मधे साखळीला अडखळल्या तेव्हा प्रेमलाबाईंनी पुढे केलेला हात त्यांनी घेतला नाही. झाडाखाली बसून त्यांनी पिशवी मांडीवर ठेवली. प्रेमलाबाई चार हातांवर उभ्या राहिल्या. शेजारी जाऊन बसायचा हक्क आज आपल्याला नाही, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. गुडघे ठणकत होते आणि त्यांना त्याचं बरंच वाटत होतं, निदान काहीतरी दुखायला हवं होतं.

पाच मिनिटं गेली असतील, दहाही असतील.

"त्यो दुसरा कोन हाय?" विजयमालाबाईंनी समोर बघतच विचारलं.

"मुरुगेसन म्हणून. शिपाई. तिकडचा, दक्षिणेतला असेल, असं नात म्हणाली."

"त्येचं कोन येतं?"

प्रेमलाबाईंनी आठवून पाहिलं. त्या भिंतीपाशी येणारी सगळी माणसं त्यांना माहीत होती. "बावीस वर्षांत मी तरी कुणी पाहिलं नाही."

विजयमालाबाई उठल्या. उठायला त्यांना दोनदा जोर करावा लागला. "चल. दाव मला."

"आता कशाला?"

"चार वर्सं त्येला लावलंय. त्येला काय म्हाईत, चुकून लावलं का कसं? त्यो वाट बघत आसंल. आता एकाएकी सोडून कसं द्यायचं?"

तिसऱ्या लादीपाशी प्रेमलाबाईंनी बोट टेकवायला हात पुढे केला, पण विजयमालाबाईंनी आपलं आपणच चाचपून ते नाव शोधलं. चार वर्षांत बोटांना ते ओळखीचं झालं होतं. पुडीत उरलेली हळद त्यांनी तिथे सगळी झाडून लावली. त्याच्याशी मात्र बोलल्या नाहीत. त्याची भाषा आपल्याला येत नाही, असं म्हणाल्या.

मग झाडाखाली परत आल्यावर त्यांनी भाकरी सोडली. एक चतकोर स्वतःपुढे ठेवला आणि दुसरा प्रेमलाबाईंकडे न बघता बाजूला सरकवला. प्रेमलाबाई बसल्या. ठेचा तोच होता.

"मी काय आता यायची न्हाई," खाऊन झाल्यावर विजयमालाबाई म्हणाल्या. "दोघांनाबी तूच बघ."

"मी हळदकुंकू लावत नाही. आमच्यात नाही ते."

"कुठं म्हनते लाव? तू पुसतीसच की रोज. त्ये पुसतीस त्येच जरा सावकाश पूस. ह्येचं आन् त्येचं."

पूलगेटच्या रिक्षात बसवून देताना प्रेमलाबाईंनी पिशवी त्यांच्या मांडीवर ठेवली. माफ केलं, असं विजयमालाबाई म्हणाल्या नाहीत. प्रेमलाबाईंनीही विचारलं नाही. रिक्षा वळताना म्हातारीचा हात बाहेर आला आणि दांडी धरून राहिला, एवढंच दिसलं.

परत येईतो चेतन साखळीपाशी उभा होता. "मावशी, हे काय? दोन लाद्यांवर डाग आहेत."

"पुसते उद्या."

"आज नाही का पुसता येणार?"

"आज राहू दे. पुसायलाच ठेवलंय ना मला? मग पुसीन." चेतन चहाकडे गेला.

त्या संध्याकाळी प्रेमलाबाईंनी दीक्षाला कागदावर दोन नावं लिहून द्यायला लावली. वर इंग्रजी, प्रत्येक अक्षराखाली मराठी. दीक्षा म्हणाली, फोनवर दाखवते की. प्रेमलाबाई म्हणाल्या, कागदच दे.

सतरा तारखेला त्या उशिरा पोचल्या. गुडघे कालच्यापेक्षा वाईट होते. बादली भरली, फडकं पिळलं, ब्रश कमरेला खोचला. पण आज त्यांनी लाद्या मोजल्या नाहीत. कागद डाव्या हातात धरला आणि भिंतीच्या टोकापासून एकेक ओळ पाहत निघाल्या. पुष्कळ वेळ लागला. कागदावरचा पहिला डी सापडला तो भलत्याच नावाचा होता. पुन्हा मागे गेल्या. शेवटी एका ओळीत डी, मग एच, मग ओ, असं जुळत गेलं आणि त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा त्या भिंतीवरचं एक नाव तोंडानं म्हटलं. धोंडिबा. मग शेजारच्या लादीवर दुसरं.

ब्रश त्यांनी काढलाच नाही. ओल्या फडक्याचं टोक बोटाला गुंडाळलं आणि अक्षराच्या खाचेतून हळदकुंकू थोडं थोडं टिपून काढलं, लहान मुलाचं तोंड पुसावं तसं. एका नावाला झालं, मग दुसऱ्याला.

नऊ वाजता चेतन आला तेव्हा बाकीची भिंत कोरडीच होती.

"काय मावशी, अजून दोनच नावं?"

"हो," प्रेमलाबाई म्हणाल्या. "अजून दोनच झालीत."

आणि त्यांनी फडकं पुन्हा बादलीत बुडवलं.